नकाशावरची रेघ आणि तिजोरीची किल्ली



जिल्ह्याची बैठक भरली की एक ठराव हमखास येतो. आमचा तालुका वेगळा करा, आमचा जिल्हा वेगळा करा. ठराव मांडणाऱ्याचे चुकते असे नाही. तालुक्याचे गाव चाळीस-पन्नास किलोमीटर, जिल्ह्याचे गाव त्याच्या दुप्पट. एका दाखल्यासाठी दोन हेलपाटे झाले की ज्वारीच्या पोत्याचे पैसे एस.टी.त आणि चहा-पाण्यात जातात. कचेरी जवळ आली तर निदान चपला तरी कमी झिजतील, एवढाच त्या माणसाचा हिशेब असतो. हिशेब खरा आहे, पण अपुरा आहे. कसा, ते सांगण्यासाठी या अंकात आपण जरा लांबची हकिगत घेत आहोत. लांबची म्हणजे पार युरोपच्या उत्तर टोकाची, नॉर्वे देशाची. तिथे २०२० साली सरकारने जिल्हे एकत्र केले आणि चारच वर्षांनी, २०२४ साली, त्यातले काही पुन्हा वेगळे करावे लागले. सरकारने ओढलेली रेघ लोकांनी पुसायला लावली, असा प्रकार जगात फार वेळा होत नाही. म्हणून तो नीट समजून घ्यावा.

देशाचा आकार आधी डोळ्यांपुढे आणा. समुद्रातली दूरची बेटे सोडली तर नॉर्वे सव्वातीन लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडा मोठा. माणसे मात्र अवघी ५५ लाख. जमिनीपैकी लागवडीखाली जेमतेम तीन टक्के. बाकी डोंगर, जंगल, बर्फ आणि आत घुसलेला समुद्र. ज्याला तिथे ‘फ्युल्के’ म्हणतात तो आपल्या जिल्ह्यासारखा, आणि त्याच्या खाली ‘कोम्यून’. कोम्यून म्हणजे धड ग्रामपंचायत नाही आणि धड नगरपालिकाही नाही. गाव असो की शहर, एकच नाव, एकच कायदा. रोगालांड जिल्ह्यातल्या उटसिरा या बेटावर दोनशेच्या आसपास माणसे राहतात. त्यांचेही एक कोम्यून, त्यांचा स्वतःचा अध्यक्ष, स्वतःचे सभागृह. आणि सात लाखांच्या ओस्लो राजधानीवर शाळा, पाळणाघर, म्हाताऱ्यांची देखभाल, गावचा डॉक्टर, पाणी, कचरा ही जी कामे कायद्याने टाकली आहेत, तीच दोनशे माणसांच्या उटसिरावरही टाकली आहेत. शेतजमिनीच्या खरेदीला परवानगी, जमिनीचे तुकडे पाडू द्यायचे की नाही, या प्रकरणांचा पहिला निकालही कोम्यूनच्या पातळीवरच लागतो. शेतीखात्याची गावपातळीवरची कचेरी १९९४ पासून सरकारकडून काढून कोम्यूनच्या हाती दिलेली आहे.

हे सगळे कोणी मेहेरबानी म्हणून दिलेले नाही. नॉर्वे शेकडो वर्षे डेन्मार्कच्या राजाखाली होता. १६६२ साली राजाने जुन्या जहागिरी मोडून ‘आम्ट’ नावाचे विभाग पाडले आणि त्यावर आपला पगारी अंमलदार बसवला. आजच्या जिल्ह्यांचे मूळ तिथे आहे. हेतू उघड होता, सारा वसूल व्हावा आणि हुकूम पोचावा. १८१४ साली नॉर्वेला स्वतःची राज्यघटना मिळाली आणि तिने जमीनधारक शेतकऱ्याला मत दिले. त्या काळच्या युरोपात ही फार मोठी गोष्ट होती. पण मत मिळाले म्हणून शेतकरी लगेच शहाणा झाला नाही. पहिली काही वर्षे तो अंमलदारांना आणि पाद्र्यांनाच निवडून देत राहिला. १८३३ च्या संसदेत मात्र जवळपास निम्मे सभासद शेतकरी बसले. त्यांच्यात रोगालांडकडचा ओले गाब्रिएल उएलांड नावाचा शेतकरी-शिक्षक होता. तो पुढे कित्येक वर्षे शेतकऱ्यांचा नेता राहिला. या मंडळींनी राजाशी ताणून धरून १८३७ साली स्थानिक स्वराज्याचा कायदा पदरात पाडून घेतला. गावचा पैसा कसा खर्च करायचा ते गाव ठरवील, हा त्याचा गाभा. कराचा पैसा जो देतो, खर्चावर सही त्याची, इतका तो सरळ व्यवहार होता.

जिल्ह्याचा कारभार मात्र बराच काळ अर्धामुर्धा राहिला. कोम्यूनचे अध्यक्ष एकत्र बसत, वर सरकारचा अंमलदार असे. शहरे तर १९६४ पर्यंत या जिल्हा सभेच्या बाहेरच होती. आम्टचे नाव बदलून फ्युल्के झाले ते १९१९ साली. जिल्हा परिषदेवर लोकांनी थेट मतदान करून माणसे पाठवायला सुरुवात केली १९७५ साली. म्हणजे ज्या देशाचे लोकशाहीसाठी गोडवे गायले जातात तिथेही थेट निवडलेली जिल्हा परिषद फार जुनी नाही, हे आपल्या लक्षात असू द्यावे.

आज नॉर्वेच्या जिल्ह्यात दोन खुर्च्या आहेत. एक निवडून आलेल्या जिल्हा परिषदेची. तिच्याकडे वरच्या वर्गांच्या शाळा, जिल्हा रस्ते, खाड्या ओलांडणाऱ्या बोटी, बसगाड्या, दंतवैद्यक. दवाखानेही पूर्वी तिच्याकडे होते. २००२ साली सरकारने ते आपल्याकडे ओढून घेतले आणि जिल्हा परिषदेच्या अंगावरचा अर्धा कपडा गेला. दुसरी खुर्ची सरकारी अंमलदाराची. आपल्या जिल्हाधिकाऱ्याचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. कोम्यून कायद्याप्रमाणे वागते की नाही यावर त्याची नजर, आणि शेतीच्या अनुदानांवर देखरेख करणेही त्याच्याकडे.

आता पैशाचे. माणसाच्या उत्पन्नावर जो मूळ कर बसतो तो २२ टक्के. त्यातले सुमारे ११ टक्के कोम्यूनचे, अडीचच्या आत जिल्ह्याचे, उरलेले देशाचे. हा वाटा दरवर्षी संसद ठरवते. शिवाय जिथे माणसे थोडी आणि अंतरे लांब तिथे डोईमागे जास्त पैसा सरकारी तिजोरीतून नियमाने जातो. नियमाने, म्हणजे मंत्र्याच्या मर्जीने नव्हे. जिल्ह्याच्या अंगणात मात्र एवढासाच वाटा पडतो, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२०१३ साली एर्ना सोल्बर्ग यांचे सरकार आले. नॉर्वेत कोम्यून फार झाले, जिल्हे फार झाले, लहान घटक महाग पडतात, मोठे केले की कामही मोठे देता येईल, असे त्यांचे म्हणणे. पूर्वीही असे झाले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर निकोलाई शेई यांच्या समितीने सुचवल्यावरून ७४४ कोम्यूनची ४५४ करण्यात आली होती. या वेळी ४२८ होती त्यांची २०२० पर्यंत ३५६ झाली. बरीचशी आपखुशीने, काही जबरीने. कोम्यूनचे हे प्रकरण तुलनेने शांतपणे पार पडले. सरकारने अनुदानाचे गाजर दाखवले, काहींनी ते खाल्ले, काहींनी नाकारले.

जिल्ह्यांचे मात्र भडकले. १९ जिल्हे होते. दक्षिण आणि उत्तर ट्रोंडेलाग हे दोन जिल्हे १८०४ साली वेगळे झाले होते, ते २०१८ साली स्वतःहून एक झाले. त्यावर कोणी फार बोलले नाही, कारण दोन्ही सभागृहांनी ते स्वतः ठरवले होते. बाकीचा नकाशा संसदेने जून २०१७ मध्ये ठरवला आणि १ जानेवारी २०२० पासून देशात ११ जिल्हे उरले. ओस्लोच्या भोवतीचे आकेर्सहूस, बुस्केरूद आणि ओस्टफोल्ड या तीन जिल्ह्यांचा मिळून ‘विकेन’ नावाचा एक प्रचंड जिल्हा केला. साडेबारा लाख माणसे, देशाच्या जवळपास चौथा हिस्सा. एका टोकाला बर्फाचे डोंगर, दुसऱ्या टोकाला स्वीडनची हद्द. त्याची एक मुख्य कचेरी ओस्लोत, म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेर. विकेन हे नाव व्हायकिंगांच्या काळातले. माणूस कुठला असे विचारले तर ‘मी विकेनचा’ असे सांगणारा मात्र मिळणे कठीण.

खरी लढाई झाली ती फिनमार्कमध्ये. हा देशाचा अगदी उत्तर-पूर्व कोपरा, रशियाच्या हद्दीला लागलेला. क्षेत्र ४८ हजार ६०० चौरस किलोमीटर, म्हणजे अर्धा विदर्भ, आणि अख्ख्या डेन्मार्कपेक्षा मोठा. माणसे सुमारे ७५ हजार. आपल्याकडच्या एका मध्यम शहरात याहून जास्त राहतात. मासेमारी, रेनडियरांचे कळप, थोडे गवत आणि दूधदुभते यावर जगणारा मुलूख. १९४४ च्या शेवटी माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने हा सारा मुलूख जाळून टाकला आणि लोकांना दक्षिणेकडे हाकलले. कित्येकजण गेले नाहीत, गुहांत आणि गवताच्या खोपटांत राहिले, आणि जे गेले तेही परत येऊन त्याच राखेवर घरे बांधून राहिले. अशा माणसांना राजधानीतून कोणी सांगितले की तुमचा जिल्हा आजपासून शेजारच्या ट्रॉम्समध्ये विलीन, तर ते गप्प बसतील हे मानणेच चुकीचे होते.

सरकारकडे युक्तिवाद नव्हता असे नाही. १८६६ पर्यंत ट्रॉम्स आणि फिनमार्क एकाच आम्टमध्ये होते. ट्रॉम्सोमध्ये विद्यापीठ आहे, मोठे रुग्णालय आहे, माणसे वाढत आहेत. फिनमार्कची माणसे मात्र वाढत नाहीत. एवढ्याशा वस्तीला वेगळा जिल्हा कसा परवडणार? ओस्लोच्या कचेरीत बसून हा प्रश्न फार शहाणपणाचा वाटतो.

फिनमार्कचा माणूस दुसरा हिशेब करत होता. जिल्ह्याचे गाव वाड्सो. तिथून ट्रॉम्सो रस्त्याने सातशे किलोमीटरच्या आसपास, आणि जवळचा रस्ता फिनलंडमधून, म्हणजे दुसऱ्या देशातून. ट्रॉम्सची माणसे फिनमार्कच्या दुप्पट. सभागृहात हात वर करायची वेळ आली की कोणाचे हात जास्त असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. आणि जमिनीचे काय? २००५ साली झालेल्या कायद्याने फिनमार्कमधली सुमारे ९५ टक्के जमीन सरकारी मालकीतून काढून एका स्थानिक संस्थेकडे दिली आहे. तिच्या कार्यकारिणीवर सहा माणसे. तीन सामी लोकांच्या संसदेने निवडायची, तीन जिल्हा परिषदेने. सामी म्हणजे तिथले मूळचे लोक, रेनडियर पाळणारे, मासे मारणारे. त्या तीन खुर्च्या कोणी भरायच्या, ज्याची जनावरे त्या माळावर चरतात त्याने की सातशे किलोमीटरवरच्या सभागृहाने? जिल्ह्याची रेघ पुसली की जमिनीवरचा ताबाही हलतो, हे तिथल्या लोकांच्या चटकन ध्यानात आले. आपल्याकडे रेघेची भांडणे जिल्ह्याचे ठिकाण कुठे यावरच संपतात. जमिनीचा प्रश्न इतक्या लवकर कोणी विचारत नाही.

मे २०१८ मध्ये फिनमार्क जिल्हा परिषदेने स्वतः मतदान घेतले. ५८ टक्के लोक मतदानाला आले आणि त्यातल्या ८७ टक्क्यांनी विलीनीकरण नको असे सांगितले. हे मतदान सल्ल्यापुरते होते, सरकारवर बंधन नव्हते. सरकारने ते मानले नाही. तेव्हा जिल्हा परिषदेने विलीनीकरणाच्या संयुक्त समितीवर माणसेच पाठवायला नकार दिला. सनदशीर असहकारच तो. संसदेत प्रश्न पुन्हा गेला, बहुमत हलले नाही. आणि १ जानेवारी २०२० ला ‘ट्रॉम्स आणि फिनमार्क’ हा जोडजिल्हा सुरू झाला.

मोठा जिल्हा झाला म्हणून मोठी कामे आली का? इथे मेख आहे. सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१८ साली सांगितले होते की सरकारी खात्यांकडची बरीच कामे आणि त्यांवरचा नोकरवर्ग नव्या जिल्ह्यांकडे द्यावा. खात्यांनी ती सोडली नाहीत. थोडेबहुत हातात पडले, मुख्य मागे राहिले. कोणत्याही देशातली नोकरशाही घ्या, हद्द वाढवून देताना तिचा हात सढळ असतो आणि अधिकार देताना आखडतो. जिल्ह्यांचा आकार दुप्पट-तिप्पट झाला, कराचा वाटा तसाच अडीच टक्क्यांच्या आसपास राहिला.

राग साठत गेला आणि त्याला वाट मिळाली २०२१ च्या निवडणुकीत. नॉर्वेत सेंटर पक्ष नावाचा पक्ष आहे. १९२० साली शेतकरी संघटनेनेच तो ‘शेतकरी पक्ष’ म्हणून काढला होता, १९५९ साली नाव बदलले. युरोपीय संघात जायचे की नाही यावर १९७२ आणि १९९४ साली देशाने मतदान केले. दोन्ही वेळा ‘नाही’ म्हणणाऱ्यांच्या पुढे हा पक्ष होता, आणि उत्तरेकडच्या भागाने फार मोठ्या संख्येने ‘नाही’ म्हटले होते. २०२१ मध्ये या पक्षाने जबरीने जोडलेले जिल्हे सोडवण्याचे वचन दिले, साडेतेरा टक्के मते घेतली आणि मजूर पक्षाबरोबर सरकारात बसला. मग संसदेने जून २०२२ मध्ये ठराव केला आणि १ जानेवारी २०२४ पासून विकेनचे पुन्हा तीन जिल्हे झाले, वेस्टफोल्ड आणि टेलेमार्क वेगळे झाले, ट्रॉम्स आणि फिनमार्क वेगळे झाले. आज नॉर्वेत १५ जिल्हे आहेत. कोम्यूनही एक वाढले. ओलेसुंदमध्ये मिसळलेले हाराम लोकमतावर पुन्हा बाहेर पडले आणि आकडा ३५७ झाला.

सगळेच मात्र मोडले नाही. हेडमार्क आणि ओपलांड मिळून झालेला इनलांडेट तसाच राहिला. पश्चिमेचा वेस्टलांड राहिला, दक्षिणेचा आग्देर राहिला, ट्रोंडेलाग तर राहिलाच. सरकारने दार उघडले होते. ज्यांना जायचे ते गेले, ज्यांना राहायचे ते राहिले. लहान जिल्हा चांगला की मोठा, यावर डोके फोडण्यात अर्थ नाही हे यावरून दिसते. ट्रोंडेलागकरांना मोठा जिल्हा चालला, कारण तो त्यांनी केला. फिनमार्ककरांना चालला नाही, कारण तो त्यांच्यावर केला गेला.

इथवर वाचून कोणी टाळ्या वाजवील, म्हणून पुढचे सांगतो. जिल्हा परत मिळाला, पण सरकारी अंमलदार परत विभागला गेला नाही. ट्रॉम्स आणि फिनमार्क या दोन जिल्ह्यांना मिळून आजही एकच अंमलदार आहे, वेस्टफोल्ड आणि टेलेमार्कलाही एकच. ओस्लोभोवतीचे तीन जिल्हे आणि खुद्द राजधानी यांना मिळूनही एकच. निवडलेली खुर्ची दोन झाली, नेमलेली एकच राहिली. शेतकऱ्याच्या अनुदानाचा कागद ज्या खुर्चीपुढे जातो ती ही दुसरी.

आणि शेतकऱ्याचा भाव तर या कोणत्याच खुर्चीवर ठरत नाही. १९५० सालच्या मूळ करारापासून नॉर्वेत दर वसंत ऋतूत सरकार आणि शेतकऱ्यांच्या दोन संघटना समोरासमोर बसतात. एक १८९६ सालची मोठी, दुसरी १९१३ सालची लहान शेतकऱ्यांची. संघटना आपली मागणी आधी मांडतात, सरकार आपला देकार देते, मे महिन्यात तुटेपर्यंत ताणले जाते आणि जूनमध्ये संसद शिक्कामोर्तब करते. २०१७ साली, म्हणजे ज्या उन्हाळ्यात संसदेने जिल्हे जोडले त्याच्या तोंडावर, ही बोलणी फिसकटलीही होती. या करारात देशाचे शेतीसाठी वेगळेच पट्टे पाडले आहेत. ओस्लोच्या खाडीकाठची सुपीक सपाटी एका पट्ट्यात, दक्षिण-पश्चिमेचा याएरेनचा सखल भाग दुसऱ्यात, असे करत फिनमार्क सातव्यात. जमीन जितकी कठीण, थंडी जितकी जास्त, तितके एकरामागे आणि दुधाच्या लिटरमागे पैसे जास्त. जिल्हे जुळले तेव्हा हे पट्टे हलले नाहीत, तुटले तेव्हाही नाहीत. १९९० पासून फिनमार्क आणि उत्तर ट्रॉम्सला करात सूट आहे, शिक्षणाचे कर्ज तिथे राहून काम केले तर काही अंशी माफ होते. तीही जिल्ह्याच्या रेघेवर अवलंबून नाही.

नॉर्वेचा हा अनुदानांचा आणि आयातीवरच्या जबर जकातीचा डोलारा तेलाच्या पैशावर उभा आहे. आपण तो मागावा असे हे पत्र म्हणणार नाही. उपकाराच्या पैशावर जगणारा शेतकरी सरकारच्या दावणीला बांधला जातो, मग तो बर्फातला असो की काळ्या मातीतला. पण कठीण जमिनीचा हिशेब वेगळा धरायचा आणि तो टेबलावर बसून, आकडे मांडून धरायचा, ही गोष्ट आपल्या कोरडवाहूवाल्याने ध्यानात घेण्यासारखी आहे. बागायतीच्या आणि कोरडवाहूच्या खर्चाला एकच फूटपट्टी लावली जाते, तेव्हा मरतो तो कोरडवाहूवालाच.

महाराष्ट्र झाला त्या १९६० साली जिल्हे २६ होते, २०१४ साली पालघर झाल्यावर ३६ झाले. नवा जिल्हा झाला की नवी इमारत, नव्या गाड्या आणि नवे साहेब येतात, हे ज्यांच्याकडे जिल्हा झाला त्यांना विचारा. कापसाच्या क्विंटलमागे किती फरक पडला, हेही त्यांनाच विचारा. तेव्हा यापुढे जिल्हा बैठकीत विभाजनाचा ठराव आणणाऱ्याने ठरावाच्या खाली तीन ओळी जोडाव्यात. नव्या जिल्ह्याच्या हाती कोणता कर राहणार, कोणती खाती सरकार त्याच्याकडे देणार, आणि लोकांचे मत घेणार की नाही. या तीन ओळी नसलेला ठराव टेबलावर घेऊ नये, अशी आमची सूचना आहे.

फिनमार्कचे पुढे काय झाले? सप्टेंबर २०२३ मध्ये तिथे स्वतंत्र जिल्हा परिषदेसाठी मतदान झाले आणि २०२४ पासून कारभार पुन्हा वाड्सोला सुरू झाला. सेंटर पक्ष मात्र जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय संघाच्या वीजनियमांवरून सरकारातून बाहेर पडला, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या निवडणुकीत त्याची मते २०२१ च्या निम्म्याहूनही खाली आली. जिल्हा परत मिळवून दिला म्हणून लोकांनी त्याला जन्माचे मत दिले नाही.